पंचवीसनं भागलं आणि किचन एक सेंटीमीटरनं मोठं झालं

पार्श्वभूमी

बेळगावच्या शहापुरात माझी फर्निचरची शेड आहे. शेड म्हणजे वर पत्रा, आत एक टेबल सॉ, एक एज बँड लावायची मशीन, दोन मेस्त्री आणि हाताखाली दोन पोरं, एवढाच संसार. काम बहुतेक बेळगाव शहरातलं, नाहीतर खानापूर, निपाणी, संकेश्वर इकडचं. हे प्रकरण खानापूर बाजूच्या एका किचनचं. घरच्यांचं नाव-गाव देत नाही, त्यांना विचारूनच लिहितोय, आणि चूक त्यांची नव्हतीच, माझी होती, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे कोण चुकलं हे वाचताना हुडकत बसायला नको.

घर जुनं, किचन नवीन करायचं होतं. घरात काका-काकू दोघंच, मुलगा बेंगळूरला. त्यानं तिकडच्याच एका डिझायनरकडनं ड्रॉइंग करून घेतलं आणि मला व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवली. ड्रॉइंग चांगलं होतं, थ्रीडी चित्रं बित्रं सगळं, आणि सगळी मापं एमएममध्ये. ओट्याचा ग्रॅनाइट आधीच बसलेला, त्याला मागं भिंतीत अँगल मारून आधार दिलेला, त्याच्या खाली चार बॉक्स, म्हणजे कपाटं, सरकवायचे. डावीकडं पिलर, उजवीकडं बाहेरची भिंत, दोन्हीच्या मध्ये २४२० एमएम. प्रत्येक बॉक्स ६०० चा, चार मिळून २४००, उरलेल्या २० एमएममध्ये उजव्या भिंतीकडं एक फिलर पट्टी. पहिला बॉक्स डब्यांचा, दुसरा तीन ड्रॉवरचा, तिसरा गॅसखालचा आणि चौथा, भिंतीकडचा, सिंकचा, कारण पाणी जायचा पाइप त्याच भिंतीतनं बाहेर जातोय.

बॉक्स मी करायचे, १८ एमएम एचडीएचएमआर बोर्डात (ओल सहन करणारा दाट बोर्ड), दोन्ही बाजूनं प्रीलॅम, म्हणजे लॅमिनेट आधीच चिकटवलेलं. शटर, म्हणजे बॉक्सची दारं, मात्र बाहेरच्या एका फॅक्टरीतनं तयार होऊन येणार होते. तो ऑर्डर मुलानंच परस्पर दिला, तीच पीडीएफ पाठवून. हे लक्षात ठेवा, पुढं ह्याच्यावरच सगळं फिरलंय.

आणि गणपतीच्या आधी किचन पाहिजे, ही काकूंची एकच अट.

मापं कोणी बदलायची

आमचे मोठे मेस्त्री पन्नाशीच्या पुढचे. हात असा की दाराची चौकट डोळ्यानं बघून सांगतील कुठं किती बाक आहे ते, पण त्यांचं सगळं गणित इंच आणि सुतात. इंचाचे आठ सूत, त्याच्या खाली अर्धा सूत, आणि फारच बारीक असलं तर "पेन्सिलीची रेघ आत ठेव" किंवा "रेघ बाहेर ठेव". टेपला दुसऱ्या कडेला सेंटीमीटर असतंय, पण ती बाजू त्यांच्या डोळ्याला दिसतच नाही म्हटलं तरी चालेल.

तर ही एमएमची मापं इंचात आणायला माझ्यापुढं तीन वाटा होत्या. एक, मेस्त्रींना एमएमच वाचायला लावायचं. एक दिवस हे करून बघितलं, त्यांनी ५६.४ च्या ठिकाणी ५४.६ वर खूण केली आणि टेप माझ्याकडं देऊन म्हणाले, "हे तुमचं तुम्ही कापा." दोन, मोबाइलवर कन्व्हर्ट करायचं. तिथं ६०० चं उत्तर येतंय २३.६२, आणि मेस्त्री विचारतात, "पॉइंट बासष्ट म्हंजे किती सूत ओ?" त्याचं उत्तर पटकन देता येत नाही. तीन, आपल्या लाइनमधलं नेहमीचं, पंचवीस एमएमचा एक इंच धरायचं आणि मोकळं व्हायचं.

मी रात्री जेवून झाल्यावर ड्रॉइंगची प्रिंट घेऊन बसलो आणि तिसरी वाट धरली. का धरली हे आता आठवून बघतो तेव्हा कारण एकच दिसतं, आकडे गोड येत होते. ६०० चे २४ इंच. ५६० चे २२ इंच ३ सूत. २४२० चे ९६ इंच साडेसहा सूत. अर्ध्या तासात सगळ्या प्रिंटवर लाल पेननं इंच लिहून झाले आणि झोपलो.

मेस्त्रींनी दोनदा विचारलं

सकाळी प्रिंट बघून मेस्त्री पहिलं वाक्य बोलले ते असं, "मालक, हे सगळं एवढं राउंड कसं काय आलं ओ? बेंगळूरच्या पोरानं काय आपल्यासाठी फुटात डिझाइन केलंय होय?" मी हसलो. पोरं पण हसली. कामाला लागलो.

दुसऱ्यांदा विचारलं ते जास्त महत्त्वाचं होतं. उंचीचं माप मेस्त्रींनी साइटवर जाऊन स्वतःच्या टेपनं घेतलं होतं, कारण ग्रॅनाइटच्या खाली बॉक्स घालायचा म्हणजे उंचीत चूक चालत नाही हे त्यांना कोणी सांगायला नको. ग्रॅनाइटच्या खालनं फरशीपर्यंत ३२ इंच ३ सूत. त्यातनं पायाचे ४ इंच गेले की बॉक्स २८ इंच ३ सूत. माझ्या कागदावर मात्र बॉक्सची उंची ७२० एमएम आणि त्याच्यापुढं लाल पेननं २८ इंच साडेसहा सूत. त्यांनी दोन्ही आकडे माझ्यापुढं ठेवले आणि विचारलं, "कुठलं धरू सांगा की."

मी म्हटलं साइटवरचं धरा, ड्रॉइंग करताना त्यानं फरशीची जाडी धरली नसेल.

इथं थांबायला पाहिजे होतं. ७२० एमएम म्हणजे खरंच २८ इंच ३ सूत होतंय, फरक एमएमभरसुद्धा नाही. म्हणजे डिझायनरचं माप आणि मेस्त्रींचं माप एकच होतं, मध्ये माझा लाल पेन तेवढा वेगळं बोलत होता. आणि मी ती तफावत मिटवली कशी, तर न बघितलेल्या फरशीवर ढकलून.

अडचण उघड झाली तो दिवस

चारही बॉक्स शेडमध्ये तयार केले, टेम्पोत ताडपत्री टाकून खानापूरला नेले. पाऊस असा की रस्त्यावर पुढचं वाहन दिसेना. पहिला बॉक्स बसला, दुसरा बसला, तिसरा बसला. चौथा, सिंकचा, आत जाईना.

पोरगं म्हणालं भिंत पोटात आलीय. जुनं घर, जाड भिंत, गिलावा एकसारखा नाही, त्यामुळं कोणालाच शंका आली नाही, आणि त्यानं छिन्नी घेऊन खालच्या कोपऱ्यातला गिलावा फोडायला सुरुवातपण केली. चार बोटं रुंद तुकडा निघाला असेल. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या आणि जमिनीवर पडलेला चुना बघून काही न बोलता परत आत गेल्या. ते न बोलणं मला अजून आठवतं.

शटर त्याच दिवशी आले होते, दारात पॅकिंग फोडून ठेवलेले. मेस्त्रींनी त्यातला एक उचलला आणि दुसऱ्या बॉक्सच्या तोंडावर नुसता उभा करून धरला. दोन्ही बाजूला बोर्डाची कड दिसत होती. त्यांनी शटरवर टेप लावला, २३ इंच ४ सूत. मग बॉक्सवर लावला, २४ ला पाऊण सूत कमी. मग टेप गुंडाळून खिशात घातला आणि म्हणाले, "शटर बॉक्सापेक्षा एक सूत कमी पायजे. हे तीन सुताच्या वर हाय. भिंत सोड रे, भिंतीचा काय संबंध नाही."

शटरच्या मागं फॅक्टरीचं स्टिकर होतं, ५९७ बाय ७१७. मी मोबाइल काढला, ५९७ भागिले २५.४. साडेतेवीस इंच, म्हणजे २३ इंच ४ सूत, बरोब्बर. त्या घरात त्या वेळी तीनच मापं खरी होती, फॅक्टरीचं, मेस्त्रींच्या उंचीचं आणि भिंतीचं. बाकी सगळं माझ्या कागदातनं आलेलं.

मुळात काय झालं होतं

इंच म्हणजे २५.४ एमएम, हे अंदाजे नाही, व्याख्याच तशी आहे, १९५९ साली अमेरिका, ब्रिटन, कॅनडा वगैरे देशांनी मिळून ठरवलेली. मी २५ धरला. दर इंचाला ०.४ ची गफलत, ती छोट्या मापात दिसत नाही. दोन इंचाच्या पट्टीत एमएमपेक्षा कमी. ६०० ला मात्र साडेनऊ एमएम होतात, तीन सूत. २४०० ला ३८ एमएम, म्हणजे दीड इंच.

मग बॉक्स चार मिळून २४०० पेक्षा दीड इंच जास्त, म्हणजे फिलरचे २० एमएम खाऊनही जागेपेक्षा १८ एमएम जास्त यायला पाहिजे होते, आले फक्त एक सेंटीमीटर जास्त. हे मला दोन दिवस कळेना. उत्तर बोर्डाच्या जाडीत निघालं. आपल्याकडं १८ एमएमला सगळे पाऊण इंची म्हणतात. पाऊण इंच म्हणजे १९ एमएम. मेस्त्रींनी २४ इंचातनं दोन बाजूंचे दीड इंच वजा केले आणि तळ कापला साडेबावीस इंच, ५७१.५ एमएम. त्याला बाजू लागल्या त्या १८-१८ च्या. झाला बॉक्स ६०७.५ चा, ६०९.६ चा नाही. एका चुकीनं मोठा केलेला बॉक्स दुसऱ्या चुकीनं दोन एमएम लहान केला. चार बॉक्स २४३० आणि जागा २४२०. तीन बसल्यावर उरली जागा ५९७.५, त्यात ६०७.५ चा बॉक्स घालत होतो आम्ही.

आणि सगळ्यात फसवं काय, तर माझा कागद आपापसात अगदी जुळत होता. चार बॉक्स ९६ इंच, भिंत ९६ इंच साडेसहा सूत, मधे पाऊण इंच फिलर. बेरीज केली असती तरी बरोबर आली असती, कारण भिंतसुद्धा मी पंचवीसनंच भागली होती. सगळंच एका पटीत फुगलं की कागदावर काहीच चुकीचं दिसत नाही. जिथं दुसऱ्या कोणाचा टेप लागला, म्हणजे उंचीत आणि शटरमध्ये, तिथंच ते फुटलं. मेस्त्रींनी रुंदी साइटवर का घेतली नाही असं कोणी म्हणेल, तर त्यांनी विचारलं होतं आणि मी म्हटलं होतं कागदावर आहे की.

हा पंचवीस आपल्या डोक्यात शिरला कुठनं ह्याचा विचार केला तर हार्डवेअरच्या दुकानातनं. ३०० एमएमचा ड्रॉवर चॅनेल, म्हणजे ड्रॉवर सरकायची पट्टी, बारा इंची, ४५० चा अठरा इंची, ५०० चा वीस इंची. खरा वीस इंच ५०८ असतो, पण चॅनेल घेताना कोणाला आठ एमएमचं काय पडलंय, चॅनेलच्या मागं जागा असतेच. नाव म्हणून ते ठीक आहे. मी त्या नावालाच हिशोब समजलो. उलट प्लायच्या किंवा बोर्डाच्या शीटवर रोज उत्तर छापून येतं, २४४० बाय १२२०, आणि आपण तिला आठ बाय चार म्हणतो. २४४० ला ९६ नं भागा, २५.४ च येतंय. वर्षानुवर्षं शेडमध्ये तो शिक्का बघतोय.

आपल्याकडं ही सरमिसळ सगळीकडंच आहे म्हणा. १९५६ साली कायदा होऊन मेट्रिक आलं, २००९ च्या लीगल मेट्रोलॉजी कायद्यातही मेट्रिकच आहे, तरी जागा घेताना आपण तीस-चाळीसचा साइट म्हणतो, शेत गुंठ्यात, म्हणजे तेहेतीस फूट बाय तेहेतीस फूट, सागवान घनफुटात, आणि त्याच सागवानाच्या दाराला लावायचं हिंज, म्हणजे बिजागरी, ३५ एमएमच्या कपाचं. उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, माझा एक मित्र मशीन शॉपमध्ये आहे, त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला आमच्यात केसाएवढं गेलं तरी जॉब परत येतोय. म्हटलं बरोबर आहे, पण तुझ्याकडं ड्रॉइंग एमएमचं, मशीन एमएमची आणि कॅलिपर पण एमएमचा. मधे लाल पेनवाला कोणी नाही.

कुठले पर्याय होते

त्या दिवशी संध्याकाळी तिथंच ओट्यापाशी बसून बोललो. गणपतीला बारा दिवस.

पहिला, बॉक्स तसेच ठेवायचे, भिंतीचा गिलावा सेंटीमीटरभर खाली ते वर फोडून चौथा बॉक्स आत घालायचा आणि शटर नवीन मागवायचे. फॅक्टरीला फोन केला, पंधरा दिवस म्हणाले आणि रंगाची शेड तीच मिळेल ह्याची गॅरंटी नाही म्हणाले. गणपती गेला, पैसे गेले आणि भिंत पण गेली. नाही.

दुसरा, शटर आहेत तेच लावायचे आणि दोन शटरच्या मधल्या फटीत बोर्डाच्या रंगाची पट्टी मारायची. एका पोरानं सुचवला. फट साडेदहा एमएम झाली असती, तीन ठिकाणी. काकूंना कदाचित चाललंही असतं, मला चाललं नसतं, आणि चौथा बॉक्स तरीही बसत नव्हताच.

तिसरा, बॉक्स खोलून लहान करायचे. नशीब असं की चूक मोठं होण्याच्या बाजूला झाली होती. बॉक्स साडेसात एमएमनं लहान निघाले असते तर पाच-सहा शीट नवीन आणण्याशिवाय इलाज नव्हता, इथं तळ, वरच्या पट्ट्या आणि मागचं पॅनेल कापून घेता येत होतं. प्रीलॅमवर फेविकॉल धरत नाही म्हणून तीन बॉक्स नुसते स्क्रूवर उभे होते, ते खोलायला सोपे. गोची सिंकच्या बॉक्सची. पाणी गळतं म्हणून त्याचे सगळे सांधे आम्ही पीयू ग्लू लावून वर सिलिकॉन भरून पक्के केले होते आणि तळाला पाइपची भोकं पाडली होती. तो खोलायचा म्हणजे फोडायचा.

मी म्हटलं सिंकचा नवीन करू. मेस्त्री बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, तीन बॉक्स नीट झाले तर चौथा आहे तसा बसतोय काय बघा. हिशोब केला. तीनदा ६०० म्हणजे १८००, त्यात ६०७.५, झाले २४०७.५. भिंतीला साडेबारा एमएम उरतात. बसतोय.

मग शटरचं काय? सिंकला दोन शटर, प्रत्येकी २९७ चे, मधे तीन एमएमची फट. ते डावीकडनं ड्रॉइंगप्रमाणं लावत आलं की उजवीकडं बॉक्सची कड साडेसात एमएम जास्त उघडी राहते. आणि उजवीकडंच फिलर पट्टी येणार. फिलर बॉक्सच्या बाजूला न लावता कडेवर थोडी चढवली की ती साडेसात एमएम झाकून जाते. एकच अडचण, उजवा शटर आता बॉक्सच्या १८ एमएमच्या बाजूवर साडेसोळाऐवजी फक्त नऊ एमएम चढणार. साधं ० क्रँकचं हिंज (क्रँक म्हणजे हिंजच्या हाताचा बाक) तिथं चालत नाही, पण ८ क्रँकचं, दोन शटरला मधे एकच बाजू असते तिथं जे लावतात, ते नेमकं नऊ एमएमसाठीच असतंय. म्हणजे अडचणीचं औषध हार्डवेअरच्या दुकानात तयार मिळत होतं.

काय केलं

दुसऱ्या दिवशी तीन बॉक्स खोलून परत शेडमध्ये आणले. तळ ५७१.५ वरनं ५६४ वर आणायचा. ह्यावेळी मी टेबल सॉपाशी उभा राहिलो, फेन्स, म्हणजे रुंदी धरायची पट्टी, एमएमच्या बाजूनं लावली आणि आधी एका रद्दी तुकड्यावर कापून, दोन बाजूंचे १८-१८ चे तुकडे लावून, त्यावर शटर ठेवून बघितला. दोन्हीकडं दीड दीड एमएम. मग खरे तळ कापले. सगळे एकाच टोकानं कापले, म्हणजे दुसऱ्या टोकाची स्क्रूची भोकं जशीच्या तशी मिळाली आणि कापलेल्या टोकाची पण आतपर्यंत असल्यानं वापरता आली, फक्त स्क्रू जरा लांब घातले कारण ह्या बोर्डात तोच स्क्रू दुसऱ्यांदा तेवढा धरत नाही.

ड्रॉवरचं काम जास्त किचकट निघालं. मेस्त्रींनी ड्रॉवर साडेएकवीस इंचाचे केले होते, साडेबावीसातनं चॅनेलचा एक इंच वजा. बॉक्स आत ५६४ झाल्यावर ड्रॉवर ५३८ पाहिजे, कारण टेलिस्कोपिक चॅनेलला दोन्हीकडचे मिळून २६ एमएम सोडायचे. तिन्ही ड्रॉवर खोलून पुढची-मागची फळी आणि तळ आठ एमएमनं कमी केला. मेस्त्रींनी विचारलं ५३८ म्हंजे किती. मी म्हटलं २१ इंच दीड सूत. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं ह्यावेळी २५.४ नं भागलंय. तरी त्यांनी टेप उलटा धरून सेंटीमीटरच्या बाजूनं एकदा बघितलंच, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

हिशोब सोपा कसा करायचा हे ह्या दोन दिवसातच सापडलं, आणि सापडलं मेस्त्रींनाच. मी त्यांना सांगत होतो की पंचवीसनं भागलं की उत्तर शेकडा दीडनं जास्त येतं. शेकडा दीड त्यांच्या कामाचं नाही. ते म्हणाले सुतात सांगा. चोवीस इंचाला किती सूत जास्त? तीन. आठ फुटाला? बारा. मग म्हणाले, "म्हंजे आठ इंचाला एक सूत की ओ."

खरंच तसं आहे. पंचवीसनं भागून जेवढे इंच येतील त्यातनं दर आठ इंचाला एक सूत वजा करा. ६०० चे २४ इंच, वजा ३ सूत, २३ इंच ५ सूत, त्याचे परत एमएम केले तर ६००.०७५ येतात. ९०० चे ३६, वजा साडेचार सूत, ३५ इंच साडेतीन सूत. ४५० चे १८, वजा सव्वादोन, १७ इंच पावणेसहा सूत. ३००० चे १२० इंच, वजा १५ सूत, ११८ इंच १ सूत, म्हणजे ९ फूट १० इंच १ सूत. आठ फुटापर्यंत मी सगळी मापं ताडून बघितली, फरक अर्ध्या एमएमपेक्षा जास्त कुठंच येत नाही. आधीची सवय मोडायची गरज नाही, तिच्यापुढं फक्त एक वजाबाकी.

ह्याच्यात एक पथ्य मात्र आहे. प्रत्येक तुकड्याचं माप वेगवेगळं सुतात बसवून मग बेरीज करायची नाही. सुताला राउंड करताना प्रत्येक वेळी दीड एमएमपर्यंत इकडंतिकडं होऊ शकतं, चार-पाच तुकड्यात ते परत साठतं. आतली रुंदी, ड्रॉवर, शटर हे सगळं एमएममध्येच काढायचं आणि शेवटचा आकडा तेवढा सुतात सांगायचा. आणि जाडी १८ असेल तर १८ च, पाऊण इंच नाही.

निकाल

तीन बॉक्स परत बसवले, जमिनीवर लेव्हल करून एकमेकांना स्क्रू मारले, चौथा सिंकचा हातानं ढकलला आणि गेला आत. भिंतीला बारा एमएम उरले. फिलर पट्टी १८ एमएम रुंद कापली, कडेवर चढवली. शटर लागल्यावर सगळ्या फटी तीन एमएमच्या, सिंकच्या उजव्या टोकाला फिलर आणि शटरमध्ये पण तेवढीच. सांगितल्याशिवाय कोणाला कळणार नाही. फोडलेला गिलावा व्हाइट सिमेंटनं भरला, तो आता फिलरच्या मागं आहे.

बॉक्सची खोली पण माझ्या कागदाप्रमाणं आठ एमएम जास्तच झालीय, ५६० च्या जागी ५६८. ग्रॅनाइट दोन फूट खोल असल्यानं ती कोणाला दिसत नाही, तशीच ठेवली. मुलाला फोनवर सांगितलं, तो म्हणाला ओके.

खर्च म्हणाल तर मेस्त्री आणि पोरांचे तीन दिवस, टेम्पोच्या दोन जास्तीच्या फेऱ्या, स्क्रू आणि एक जोडी हिंज. सगळा मी सोसला. काकूंनी गणपतीच्या पाच दिवस आधी त्या ओट्यावर पहिला चहा केला आणि बिलाचे पैसे देताना गिलाव्याबद्दल तेवढं एक वाक्य बोलून घेतलं, त्यांचा हक्क होता.

परत करायचं झालं तर

सगळ्यात आधी, मेस्त्रींनी उंचीचे दोन आकडे पुढं ठेवले त्या क्षणी करवत चालवायची नाही. एकाच वस्तूची दोन मापं येतात तेव्हा त्यातलं बरं वाटेल ते निवडायचं नसतं, का येतात ते बघायचं असतं. मला दोन मिनिटं लागली असती. शेडमध्ये मी आता असं ठेवलंय की कोणी "हे जुळत नाही" म्हटलं की मशीन बंद. पोरं त्याचा गैरफायदा घेतात कधीकधी, चहाच्या वेळेला बरोबर काहीतरी जुळत नसतं.

दुसरं, जे माप भिंतीला, पिलरला, ग्रॅनाइटला टेकणार ते कागदावरनं घ्यायचंच नाही. सरळ लाकडाची बारीक पट्टी न्यायची, दोन्ही भिंतींच्या मध्ये धरायची, खूण मारून आणायची, खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी. जुने मेस्त्री हेच करायचे आणि तिच्यात इंच नाही, एमएम नाही, काहीच नाही. त्या दिवशी शेडमध्ये अशी पट्टी असती तर चार बॉक्स तिच्यावर नुसते ओळीनं ठेवले असते तरी कळलं असतं.

एक गोष्ट अजून मला ठरवता आलेली नाही. मेस्त्रींना एमएम शिकवावं की मीच सगळं सुतात करून द्यावं. लहान मेस्त्री एमएममध्ये आलाय, त्याला ड्रॉइंग थेट देतो. मोठ्यांना नाही. माप बदलायचं काम एकाच माणसाकडं असावं आणि त्यानं ते लिहिल्यावर दुसऱ्यानं टेप उलटा धरून बघावं, एवढं तूर्त चाललंय. मोठ्या मेस्त्रींनी स्वतःहून टेबल सॉच्या वर पत्र्यावर खडूनं लिहिलंय, "८ इंच १ सूत वजा".

आणि त्या किचनच्या सिंकखालच्या उजव्या शटरचं हिंज कधी खराब झालं तर ८ क्रँकचं आणायला लागेल, ० चं बसणार नाही. मी ते बॉक्सच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवलंय, पुढं कोण मेस्त्री येईल त्याच्यासाठी.